बायपासच्या वेळी टेग टेस्ट (रक्त कसं गोठतंय ते दाखवणारी) लावली तर रक्त खरंच कमी लागतं का?

मीरा_सातारा: सासऱ्यांचं पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे, झडप बदलणार आणि सोबत दोन ग्राफ्ट (बायपासच्या नसा). रक्तदाते तयार ठेवा म्हणालेत पण भुलीच्या मॅडम म्हणाल्या आम्ही टेग बघूनच पिशव्या लावतो, उगाच देत नाही. हे नेमकं काय बघतात? हिमोग्लोबिन ११ आहे, क्लोपिडोग्रेल (प्लेटलेट चिकटू न देणारी गोळी) आता बंद केलीये. कमी रक्त दिलं तर धोका नाही ना, खूप टेन्शन आलंय.

भूलवाला: ताई, मी हार्टच्या ओटीतच असतो. पंपावर, म्हणजे हार्ट-लंग मशीनवर, घेण्याआधी हेपारिन देतात, किलोमागे ३०० ते ४०० युनिट, रक्त मशीनमध्ये गोठू नये म्हणून, आणि उतरल्यावर प्रोटामिन देऊन त्याचा असर काढतात. त्यानंतरही छातीत झिरपत राहिलं तर कारण काय ते पटकन कळायला हवं, हेपारिन उरलंय, फायब्रिनोजेन (गुठळी बांधणारं प्रथिन) कमी पडलंय, प्लेटलेट दमल्यात की एखाद्या टाक्यातून येतंय. लॅबचा पीटी-एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारा रिपोर्ट) येईपर्यंत पाऊण तास सहज जातो म्हणून बरेच जण अंदाजाने एफएफपी (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) लावत सुटतात, ते मला अजिबात पटत नाही. टेग किंवा तशाच रोटेम टेस्टवर गुठळी कधी धरते, किती घट्ट होते, विरघळते का ते स्क्रीनवर दिसतं, दहा-पंधरा मिनिटांत दिशा कळते. रक्ताच्या दुसऱ्या, शेजारच्या कपात हेपारिनेज (हेपारिन निकामी करणारं एन्झाइम) घालतात, तिथे गुठळी लवकर धरली आणि साध्या कपात उशिरा, तर हेपारिन उरलंय, थोडं प्रोटामिन पुरे. फायब्रिनोजेनचा आलेख बारीक आला तर क्रायो (प्लाझ्मातून काढलेला फायब्रिनोजेनवाला भाग). आणि आलेख चांगला असून ड्रेन (छातीतलं रक्त बाहेर काढणारी नळी) भरतच असेल तर पिशव्या लावत बसायचं नाही, सर्जनने परत आत बघायचं. एक मात्र, क्लोपिडोग्रेलचा असर साध्या टेगमध्ये दिसत नाही, त्याला प्लेटलेट मॅपिंग (गोळीने प्लेटलेट किती दबल्यात ते बघणारी टेस्ट) वेगळं करावं लागतं.

वाचक_टोरोंटो: इकडे कॅनडात १२ हॉस्पिटलांत ७४०२ पेशंटवर अभ्यास झाला होता, २०१६ ला छापून आला. अशा टेस्ट बघून रक्त दिलं तर लाल पेशी आणि प्लेटलेट दोन्ही कमी लागल्या, मोठा रक्तस्रावही कमी झाला, मृत्यूच्या प्रमाणात मात्र फरक नाही. लाल पेशींची पिशवी हिमोग्लोबिन बघून ठरते, टेग बघून नाही. तिथेही ७.५ पर्यंत थांबणं ९.५ ला देण्याइतकंच सुरक्षित ठरलंय, २०१७ चा मोठा अभ्यास आहे, त्यामुळे कमी दिलं म्हणून घाबरू नका.

रक्तपेढी_नाईट: तरी दाते ठेवाच हं! प्लेटलेट ५ दिवसच टिकतात आणि एफएफपी वितळवायलाच अर्धा तास लागतो, ऐनवेळी पळापळ नको. एसडीपी (मशीनने एकाच दात्याच्या काढलेल्या प्लेटलेट) देणारा असेल तर त्याने गेल्या ३ दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी हे आधीच विचारून घ्या.

मीरा_सातारा: खूप आभार सगळ्यांचे. दिराला एसडीपीसाठी तयार ठेवलंय, डोकेदुखीच्या गोळ्यांचंही विचारते त्याला. मॅपिंग ऑपरेशनच्या आधी करायचं का नंतर?

भूलवाला: आधी. गोळी बंद करून किती दिवस झाले ते सांगून मॅडमनाच विचारा, असर उरला असेल आणि घाई नसेल तर ते तारीख पुढे ढकलायचं बघतील.