खांदशेकणीचे हललेले छायाचित्र : दोष मानावा की भाव?

प्रश्न :
आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदशेकणीला, बाबा पळसाच्या पानाने बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावत असताना, गोठ्यातील एकुलत्या एक बल्बच्या उजेडात, मी १/१५ सेकंदाच्या मंद शटरवर छायाचित्र घेतले. तो बैल आता आमच्याकडे नाही. एका स्पर्धेच्या परीक्षकांनी ‘चित्र हलले आहे’ एवढाच शेरा देऊन ते बाजूला ठेवले. भाव उतरला असेल, तर रेखीवपणाला किती महत्त्व द्यावे?

पहिले उत्तर :
युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापा यांनी दुसऱ्या महायुद्धात, ६ जून १९४४ रोजी, फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर टिपलेल्या चित्रांपैकी काही अगदी अस्पष्ट आहेत, तरीही लाटांतून पुढे सरकणाऱ्या सैनिकाची धडपड त्या अस्पष्टतेमुळेच अंगावर येते. आपण ते चित्र मोठे छापून घरात लावावे.

दुसरे उत्तर :
मला हे पूर्णपणे पटत नाही, कारण भावाच्या नावाखाली आपण हाताचा आळस झाकू लागतो. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपताना अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांना प्रकाशमापक सापडेना आणि ऊन तर सरत चालले होते; परंतु चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ असल्यामुळे त्यावरून त्यांनी एक्स्पोजर (चित्रासाठी किती प्रकाश आत घ्यायचा ते) ठरवले, आणि दुसरे चित्र घेण्याआधीच ते ऊन गेले. म्हणजे तो क्षण हाती लागला तो तंत्रामुळेच. आपल्याकडील कापूस वेचणीचेच पाहा : पांढऱ्याशुभ्र शेतावर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो, कापूस करडा पडतो आणि वेचणाऱ्या बाईचा चेहरा काळवंडतो. तिथे एक्स्पोजर साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवण्याचे ज्ञान नसेल, तर तिच्या चेहऱ्यावरचा शीण दिसणार कसा?

तिसरे उत्तर :
आधी नेमके काय हलले आहे ते पाहावे. खुंटा आणि गव्हाणही दुहेरी दिसत असतील, तर कॅमेरा हलला. पुढच्या वेळी खांबाला टेकून उभे राहावे आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ३२०० पर्यंत न्यावा, म्हणजे शटर जलद ठेवता येईल; चित्रात थोडे कण दिसले तरी चालतील. केवळ हात आणि बैल हलला असेल, तर ती त्यांची हालचाल आहे.

प्रश्नकर्ता :
आत्ताच चित्र मोठे करून पाहिले. खुंटा, दावे आणि गव्हाणीतला कडबादेखील स्पष्ट आहे. बाबांचा हात आणि तूप लागताच शहारलेले बैलाचे खांदे, एवढेच पुसट झाले आहे.