भाचीने उद्योजकतेवर पीएच.डी. करावी की काजूचा कारखाना टाकावा?

वेंगुर्ल्याची मास्तरीण: भाचीला अर्थशास्त्रात पीएच.डी. करायची आहे, विषय उद्योजकता. घरचे म्हणतात, उद्योजकांवर लिहीत बसण्यापेक्षा स्वतः काजूचा कारखाना टाक. मला नाही पटत. अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल (१९२२–२०१७) प्रिन्स्टन आणि न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवायचे. अर्थशास्त्राच्या सिद्धांतातून उद्योजकच गायब झालाय, हे त्यांनी १९६८ मध्ये दाखवलं. पुढे १९९० मध्ये त्यांनी मांडलं की धडपडी माणसं प्रत्येक काळात असतात. ती कुठे वळतात, ते कशाला पैसा आणि मान मिळतो त्यावर ठरतं. जुन्या चीनमध्ये शोध भरपूर लागले, पण हुशार मुलं सरकारी परीक्षांच्या मागे. हे वाचलं आणि आमच्या घरातले सगळे काका मुंबईला नोकरीला का गेले ते मला उमगलं.

देवगडचा बागायतदार: ताई, मान्य नाही. माझं आंब्याच्या पल्पचं युनिट आहे. मे महिन्यात पाऊस लवकर आला की कॅनिंगच्या आंब्याचा ढीग लागतो, त्याच आठवड्यात रोख पैसे लागतात. बँकेने माझं कर्जाचं प्रकरण हंगाम संपल्यावर मंजूर केलं. तेव्हा मला निबंध नको होता, पैसे हवे होते. पोरीला आधी एक हंगाम माझ्याकडे पाठवा.

वेंगुर्ल्याची मास्तरीण: पाठवते, दादा. पण तुमचं प्रकरण कुठल्या नियमापायी अडलं, हे शोधायचं कोणी? ऐन हंगामात तुम्हाला सवड आहे?

रापणकराची लेक, मालवण: माझ्या बापाशीची रापण होती, म्हणजे किनाऱ्यावरसून सगळ्यांनी मिळान ओढूचा जाळा. दोरयेक हात लावलेल्या प्रत्येकाक वाटो मिळा. पर्ससीनवाले, म्हणजे बोटीन मोठा जाळा टाकून मासळेचो थवो घेरणारे, इले आणि बांगडो किनाऱ्याक येवचो कमी झालो. बॉमोलांनी उत्पादक, अनुत्पादक आणि विध्वंसक असे उद्योजकतेचे तीन प्रकार सांगितले हत, ता माका पटता.

मिरकरवाड्याचा तांडेल: विध्वंसक कोण, हे ठरवायचं कोणी? नवं आलं की जुनं मोडतंच, हे अर्थतज्ज्ञ शुम्पेटर १९४२ मध्येच सांगून गेले. तोच धागा गणितात मांडणाऱ्या अ‍ॅगियाँ आणि हॉविट यांना २०२५ चं नोबेल मिळालं. घरातलं सोनं मोडून आम्ही बोट बांधली. पर्ससीनवरच्या फेब्रुवारी २०१६ च्या निर्बंधांनंतर आमचं जाळं वर्षातून चार महिने, हप्ता मात्र बारा महिने.

वेंगुर्ल्याची मास्तरीण: तुमचा हप्ता खरा आहे, भाऊ, तो कोणी नाकारू नये. पण एक गिरणी बंद पडली तर दुसरी उभी राहते. अंड्यांवरचा मासा उपसला तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार? एलईडी दिवे लावून मासे ओढण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, ती यासाठीच. बॉमोल तुम्हाला वाईट ठरवत नाहीत. माणसं तीच, नियम बदलले की त्यांची धडपड दुसरीकडे वळते, एवढंच त्यांचं म्हणणं. भाचीला हेच तपासायचंय: रापण आणि पर्ससीन, दोघांचे हिशेब समोर ठेवून.

मिरकरवाड्याचा तांडेल: दोघांचे मांडणार असेल तर माझी डिझेलची बिलं देतो.

देवगडचा बागायतदार: एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाठवा तिला. वह्या काढून ठेवतो, बँकेची पत्रंसुद्धा.