पहिलीच क्रूझ, तीही एकट्याने : कंपनी कशी निवडायची?

शांतसागर

पहिल्यांदाच क्रूझला जायचंय आणि सोबत कोणी नाही. सात रात्रींचा प्रवास डोक्यात आहे. शक्यतो भूमध्य समुद्र, नाहीतर कॅरिबियन. रात्रभर पार्टी नको, पण आठवडाभर तोंडाला कुलूप लावून जेवायचंही नाही. नॉर्वेजियन, रॉयल कॅरिबियन, एमएससी, सेलेब्रिटी, क्युनार्ड, सगळ्यांच्या साइट पालथ्या घातल्या. प्रत्येकीचं एकट्याचं भाडं वेगळंच निघतं आणि त्यामागचं गणित कळत नाही. एकट्या माणसासाठी नेमकी कुठली कंपनी बरी? स्टुडिओ केबिन (एकाच माणसासाठीची छोटी खोली) घ्यावी की साधी?

---

नांगर_उचला

कंपनी शेवटी ठरवा. आधी मार्ग आणि महिना, मग जहाज, मग केबिन. एकाच कंपनीची दोन जहाजं एकट्याच्या दृष्टीने दोन टोकांची असू शकतात.

आता गणित. जाहिरातीतलं भाडं 'माणशी' असतं, पण खोलीत दोघं राहणार असं धरून. एकटे गेलात तर रिकाम्या जागेचे पैसेही तुमच्याकडूनच घेतात, तेच सिंगल सप्लिमेंट. सप्लिमेंट १००% म्हणजे मूळ भाडं दुप्पट. बंदर शुल्क आणि कर मात्र एकाचेच लागतात आणि बहुतेक जण इथेच चुकीची तुलना करतात. फक्त हिशेबासाठी आकडे घ्या: माणशी मूळ भाडं १०००, कर-शुल्क २००. दोघं गेले तर प्रत्येकी १२००. एकट्याला १००% सप्लिमेंटने २०००+२००=२२००, म्हणजे दुपटीला थोडं कमी. सप्लिमेंट २५% असेल तर १२५०+२००=१४५०.

साइटवर सप्लिमेंटचा टक्का शोधत बसू नका, बऱ्याचदा तो लिहिलेलाच नसतो. एकच तारीख, एकच केबिन प्रकार घ्या. प्रवासी १ टाकून शेवटच्या पानापर्यंत जा, मग प्रवासी २ टाकून जा. दोन्हींतून कर-शुल्क वजा करा. एकट्याचं मूळ भाडं भागिले दोघांतल्या एकाचं मूळ भाडं: उत्तर २ आलं तर पूर्ण सप्लिमेंट, १.३ आलं तर सौदा चांगला.

त्यात रोजची टिप (माणशी, आपोआप खात्यात लागते), वायफाय आणि पेयांचं पॅकेज मिळवून मगच दोन कंपन्यांची तुलना करा. स्वस्त भाड्याची कंपनी इथेच महाग ठरते. पेयांच्या पॅकेजबाबत एकट्याचा एक फायदा आहे. बऱ्याच कंपन्यांत एकाने मद्याचं पॅकेज घेतलं की खोलीतल्या इतर प्रौढांनाही घ्यावं लागतं. तुम्हाला ती कटकट नाही.

सप्लिमेंट कमी कधी होतं? जहाज भरत नसेल तेव्हा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जहाजं एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात हलवतात, त्या फेऱ्यांवर सवलती दिसतात. पण त्यात लागोपाठ पाच-सहा दिवस नुसतं पाणी असतं. पहिल्या खेपेला नकोच. शाळांच्या सुट्ट्यांत तर सवलतीची आशाच सोडा.

---

डेक_सात

वरचं गणित बरोबर आहे, पण धागाकर्त्यांची खरी अडचण 'तोंडाला कुलूप' ही आहे. ते स्टुडिओ केबिनने आपोआप उघडत नाही, जेवणाच्या पद्धतीने उघडतं.

मुख्य भोजनगृहात साधारण दोन पद्धती असतात. एक ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल: रोज तीच माणसं, तोच वाढपी. दुसरी हवं तेव्हा या, मिळेल तिथे बसा. दुसरी सोयीची वाटते, पण एकटा माणूस दारात उभा राहिला की त्याला सरळ दोघांच्या छोट्या टेबलावर नेऊन बसवतात. तेव्हा आरक्षणातच ठरलेली वेळ निवडा आणि टेबलाचा आकार 'मोठं', सहा ते आठ जणांचं, असं नोंदवा. जहाजावर चढल्यावर पहिल्याच दुपारी भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटून खात्री करा. टेबल पटलं नाही तर दुसऱ्या दिवशीच बदलून मागा. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांच्या जोड्या जमलेल्या असतात.

रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा ॲपवर एकट्या प्रवाशांची भेट असते, बहुधा पहिल्या-दुसऱ्या संध्याकाळी. ती चुकवू नका. पुढचे गट तिथेच पडतात.

आता कंपन्या. नॉर्वेजियनने २०१० मध्ये एपिक जहाजावर एकट्यांसाठी १२८ स्टुडिओ आणले, साधारण १०० चौरस फुटांचे, सोबत फक्त स्टुडिओवाल्यांच्या कार्डाने उघडणारा लाउंज. ओळखी त्या लाउंजमुळे होतात, खोलीमुळे नाही. त्यांच्या इतर जहाजांवरही एकट्यांच्या खोल्या आहेत, पण लाउंज प्रत्येक जहाजावर नाही. डेकचा नकाशा उघडून बघा.

क्युनार्डच्या क्वीन मेरी २ वर २०१६ च्या दुरुस्तीत १५ एकेरी केबिन घातल्या. ठरलेली टेबलं, व्याख्यानं, बॉलरूम आणि एकट्यांसोबत नाचायला कंपनीनेच नेमलेले यजमान. वातावरण जुन्या वळणाचं, औपचारिक संध्याकाळी कपड्यांचे नियम खरोखर पाळतात. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क सात रात्री, मधे एकही बंदर नाही. बोलकी माणसं हवी असतील तर याच्यासारखी फेरी नाही. बंदरं बघायची असतील तर ही तुमच्यासाठी नव्हे.

हॉलंड अमेरिकाच्या कोनिंग्सडॅमवर समुद्राकडे खिडकी असलेल्या १२ एकेरी खोल्या आहेत, सेलेब्रिटी एजवर १६, त्याही समुद्राकडच्या. दोन्हीकडे शांत, प्रौढ गर्दी. आकडेच बघा: पूर्ण जहाजात डझन-दीड डझन, म्हणजे वर्षभर आधी हलायला हवं. ब्रिटनहून निघणाऱ्यांत फ्रेड ओल्सन आणि सागा एकट्यांना चांगलं सांभाळतात. सागाला वयाची अट पन्नाशीची. पण त्यांच्या दोन्ही समुद्री जहाजांवर एकेरी खोलीलासुद्धा बाल्कनी आहे, हे दुसरीकडे क्वचितच मिळतं. व्हर्जिन आणि व्हायकिंगवर १८ खालच्यांना प्रवेश नाही. व्हायकिंगकडे मात्र वेगळ्या एकेरी खोल्या नाहीत.

एमएससी आणि कोस्टा पश्चिम भूमध्यात स्वस्त पडतात, पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. तिथे बार्सिलोना, मार्सेय, जेनोवा अशा प्रत्येक बंदरात नवे प्रवासी चढतात आणि जुने उतरतात. त्यामुळे 'पहिली संध्याकाळ' अशी सगळ्यांची एक नसतेच, घोषणा चार-पाच भाषांत होतात आणि जमलेला गट तिसऱ्या दिवशी मोडतो. एकट्याला सोबत हवी असेल तर ही मोठी उणीव आहे. नको असेल तर उत्तमच.

---

बंदरावरचं_मांजर

स्टुडिओबद्दल थोडा थंड विचार करा. 'एकट्यांसाठी खास' म्हटलं की स्वस्तच असणार असं वाटतं, पण स्टुडिओ मोजके असल्याने त्यांचे दर झटकन चढतात. त्याच जहाजावरची दोघांची आतली (बिनखिडकीची) खोली दुप्पट भाड्यानेसुद्धा कधी स्टुडिओच्या आसपास किंवा खाली येते, आणि ती दीडपट मोठी असते. दोन्ही भाव एकाच दिवशी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय पैसे भरू नका. फरक किरकोळ असेल आणि लाउंज असेल तर स्टुडिओ. लाउंज नसेल तर मोठी खोली.

रॉयल कॅरिबियनमध्ये पूर्ण २००% भाडं भरणाऱ्या एकट्याला सदस्यत्वाचे गुण रात्रीला दुप्पट मिळतात. पुढे त्यांच्याकडेच फिरणार असाल तरच याला किंमत आहे.

जहाजाचा आकारही बघा. आयकॉन ऑफ द सीजवर साडेसात हजारांहून जास्त प्रवासी मावतात. तिथे काल भेटलेला माणूस आज सापडत नाही. दोन-तीन हजारांचं जहाज ओळखी टिकायला बरं.

---

शांतसागर

सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. दोन शंका. गाडी लागण्याचा त्रास आहे, स्टुडिओला समुद्राकडे खिडकी नसेल तर बोट जास्त लागेल का? आणि बंदरात एकट्याने उतरायचं की कंपनीची सहल घ्यायची?

---

नांगर_उचला

खिडकीपेक्षा जागा महत्त्वाची. जहाज मधल्या भागाभोवती डोलतं, म्हणून हेलकावे मध्यावर आणि खालच्या डेकवर सर्वांत कमी. टोकाला आणि वर जास्त. क्षितिज दिसत राहिलं की डोकं ताळ्यावर राहतं हे खरं, पण त्यासाठी उघडा डेक आहेच. 'गॅरंटी' भावाने आरक्षण करू नका. त्यात खोली कंपनी ठरवते आणि उरलेली टोकाची जागा तुमच्या वाट्याला येऊ शकते. नकाशात खोलीच्या वर आणि खाली काय आहे तेही बघा: वर तरणतलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज, खाली नाट्यगृह असेल तर रात्रीचा ढोल. मेक्लिझिनसारखी गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, उलटी झाल्यावर नाही. झोप येते, आणि इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून.

---

बंदरावरचं_मांजर

बंदरांबाबत एकच नियम: शहर धक्क्याला लागून असेल तर स्वतः फिरा, लांब असेल तर कंपनीची सहल घ्या. रोमचं बंदर चिवितावेक्किया शहरापासून सुमारे ८० किलोमीटर. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नोला उतरतात, तेही असंच लांब. कंपनीची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरात पोचवण्याची सोय कंपनी करते. तुमची आगगाडी रद्द झाली तर जहाज गेलेलं असतं आणि पुढच्या बंदराचा खर्च तुमचा. जोडप्यात निदान एक जण फोन करतो, एक तिकीट बघतो. तुम्हाला दोन्ही करायचंय. सँटोरिनीला धक्का नाही, छोट्या होडीतून जुन्या बंदरावर सोडतात आणि वर केबल कार. परतीला त्या केबल कारची रांगच घात करते, दोन तास हातात ठेवा.

सुटण्याच्या वेळेआधी अर्धा तास जहाजावर परत यायचं असतं, आणि घड्याळ जहाजाचं धरायचं. फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, तिथे लोक फसतात. खिशात बंदरातल्या एजंटचा नंबर (कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला असतो), पासपोर्टची प्रत आणि बँकेचं एक कार्ड ठेवा.

व्हिसा लागत असेल तर मार्ग नीट वाचा. ग्रीसहून निघून तुर्कस्तानातल्या कुशादासीला जाऊन परत ग्रीस, म्हणजे शेंगेनबाहेर (एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) पडून पुन्हा आत. तिथे एकदाच प्रवेशाचा व्हिसा चालत नाही, मल्टिपल एंट्री हवा.

---

डेक_सात

आणखी थोडं. निघण्याच्या बंदरात आदल्या दिवशीच पोचा, त्याच सकाळचं विमान धरू नका. विम्यात जहाजावरचे उपचार आणि समुद्रातून हलवण्याचा खर्च दोन्ही आहेत का ते वाचा. जहाजावरचा दवाखाना पैसे घेऊनच उपचार करतो. जहाज सुटलं की फोन विमान मोडवर, नाहीतर समुद्रातल्या नेटवर्कचं बिल भाड्याशी स्पर्धा करेल.

उरलेली रक्कम भरायची अंतिम तारीख साधारण ७५ ते १२० दिवस आधी असते, कंपनीप्रमाणे बदलते. ती येईपर्यंत आठवड्यातून एकदा तेच आरक्षण एका प्रवाशासाठी पुन्हा काढून बघा. भाव उतरला असेल तर फोन करून नवा दर मागा. बऱ्याच कंपन्या त्या तारखेआधी देतात, पण अनामत परत न मिळणाऱ्या दराने घेतलं असेल तर बदलाचे पैसे कापू शकतात. अंतिम तारखेनंतर मात्र रद्द करणाऱ्यांच्या खोल्या बाजारात येतात. तारखेचं बंधन नसेल आणि व्हिसा हातात असेल तर एकट्याला कमी सप्लिमेंटची खोली मिळायची हीच वेळ.