करंट खातं उघडून देत नाहीत (सांगली), चेक पडून आहे, तातडीने मदत हवी

रिवाइंडिंगवाला
नमस्कार. मार्चमध्ये नोकरी सोडली, आता स्वतःचं काम करतोय. करंट खात्यासाठी तीन बँका फिरलो. पहिलीत म्हणाले कागद पुरे नाहीत. दुसरीत म्हणाले फर्मचं पॅन आणा. तिसरीत मॅडमनी फाइल उघडूनसुद्धा बघितली नाही. उद्यम (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) आहे, शॉप अ‍ॅक्ट (दुकान-धंद्याची नोंद) आहे, आधार-पॅन आहे. अजून काय द्यायचं? ६१,३८० चा चेक ड्रॉवरमध्ये पडलाय. या एक-दोन महिन्यांत सांगलीत कुणी खातं काढलं असेल तर कुठल्या ब्रँचला, तेवढं सांगा.

हरिपूरकर
धंदा कसला? जागा स्वतःची का भाड्याची? चेक तुमच्या नावाचा आहे का फर्मच्या? हे कळल्याशिवाय ब्रँचचं नाव सांगून उपयोग नाही.

बेदाणा
जीएसटी काढा आणि मोकळे व्हा. माझं मार्केट यार्डात दुकान आहे. जीएसटीचा कागद टेबलावर ठेवला, पाचव्या दिवशी चेकबुक हातात. बाकी सगळे कागद बँकवाले नुसते चाळतात.

स्मिता_विश्रामबाग
बेदाणा, तुमचा माल परराज्यात जातो, तुम्हाला जीएसटी लागणारच. यांचं काम सेवेचं असेल तर वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेल्याशिवाय सक्ती नाही. एकदा नंबर घेतला की काम असो नसो, रिटर्न भरावंच लागतं. शून्य रिटर्न चुकलं तरी दिवसाला २० रुपये लेट फी. मी घरून अकाउंट्सची कामं करते. खात्यासाठी म्हणून नंबर काढायचा आणि मग रिटर्न विसरायचं, अशी माणसं दर वर्षी माझ्याकडे येतात. हा सल्ला घाईत घेऊ नका.

बेदाणा
पण त्याचं काम अडलंय ना आत्ता? रिटर्नचं नंतर बघता येईल.

रिवाइंडिंगवाला
मोटर रिवाइंडिंग (जळालेल्या मोटरीची तार नव्याने गुंडाळणं) आणि पॅनेलचं काम. शेड भाड्याची, लाइट बिल मालकाच्या नावावर. चेक फर्मच्या नावाचा. एका कोल्ड स्टोरेजच्या तीन मोटरी बांधून दिल्या, त्याचा. १० मे तारीख आहे.

मिरजकर_७०
तारखेकडे लक्ष द्या. २०१२ पासून चेकची मुदत तीन महिनेच आहे. १० ऑगस्टच्या आत तो खात्यात टाकायला हवा. आमच्या वेळी सहा महिने असायची, त्यामुळे अजून बरेच जण निवांत राहतात.

पायवाट
एवढा व्याप कशाला? आमच्या पेठेतल्या पतसंस्थेत जा. संचालक ओळखीचे असतात, अर्ध्या तासात खातं निघतं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर तिथंच व्यवहार केला.

हरिपूरकर
पायवाट, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण धंद्याचे पैसे पतसंस्थेत ठेवा असं मी कुणाला सांगणार नाही. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत ठेव विमा आहे, सहकारी बँकेलाही आहे. पतसंस्थेला तो नाही. ठेवीची पावती हातात घेऊन लोक वर्षानुवर्षं हेलपाटे घालताना सांगलीने बघितलेत. माझी आत्या त्यातलीच. मुलीच्या लग्नाचे पैसे होते तिचे.

पायवाट
सगळ्या पतसंस्था तसल्या नसतात. आमची एक दिवस बंद पडलेली नाही.

रिवाइंडिंगवाला
पतसंस्था नको. बँक सांगा.

निवृत्त_बँकवाला
मी ३१ वर्षं बँकेत होतो, शेवटची आठ वर्षं खाती उघडण्याच्या टेबलावरच. आधी एक गैरसमज काढू. एकट्या मालकाच्या फर्मला वेगळं पॅन नसतंच, मालकाचं पॅन तेच फर्मचं. दुसऱ्या बँकेत जो कुणी बोलला तो नवखा असणार. तिथं नम्रपणे एवढंच सांगा: ही भागीदारी नाही, कंपनी नाही, प्रोप्रायटरशिप आहे.

रिझर्व्ह बँकेचा केवायसीचा, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याचा, नियम असा. मालकाचे स्वतःचे कागद, आणि शिवाय फर्मच्या नावावर धंदा चालतो हे दाखवणारे दोन. उद्यम चालतं, शॉप अ‍ॅक्ट चालतं, जीएसटी चालतं, धंद्याचं उत्पन्न दाखवलेलं इन्कम टॅक्स रिटर्न चालतं, फर्मच्या नावाचं लाइट बिल चालतं. दोन देणं खरोखर शक्य नसेल तर बँक एकावरही खातं उघडू शकते, पण मग त्यांनी जागेवर येऊन बघायचं असतं. तो त्यांचा अधिकार आहे, तुमचा हक्क नाही.

आता मला सांगा, उद्यमच्या कागदावर वर 'एंटरप्राइजचं नाव' म्हणून काय छापलंय? अक्षर न् अक्षर बघून सांगा.

कडेगाव_एक्सप्रेस
मुद्रा कर्जासाठी अर्ज करा. त्यातल्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतात, पुढे मोठी रक्कमही मिळते. रिवाइंडिंगला वाइंडिंग मशीन, ओव्हन, कॉपर, सगळ्याला भांडवल लागतं.

स्मिता_विश्रामबाग
त्यांनी कर्ज मागितलेलंच नाही.

कडेगाव_एक्सप्रेस
कर्ज घेतलं की तीच बँक करंट खातंही काढून देते, म्हणून सांगितलं.

रिवाइंडिंगवाला
निवृत्तकाका, बघितलं. उद्यमवर माझंच नाव छापलंय, आडनावासकट. कॉलेज कॉर्नरजवळच्या झेरॉक्सवाल्याने १,५०० रुपये घेऊन काढून दिलं होतं. शॉप अ‍ॅक्टवर फर्मचं नाव आहे. पण आत्ता लक्षात आलं, फर्मच्या नावातलं 'लक्ष्मी' शॉप अ‍ॅक्टवर इंग्रजीत के-एस-एच घालून आहे आणि चेकवर एक्स घालून. आईचं नाव आहे ते. मी बिलबुकावर एक्स छापलाय, म्हणून त्यांनीही तसंच लिहिलं.

निवृत्त_बँकवाला
सापडलं. तुम्ही म्हणता दोन कागद आहेत, बँकेला फर्मच्या नावाचा एकच दिसतो. कारण न सांगता परत पाठवणं चूकच, पण नकार उगाच दिलेला नाही.

स्मिता_विश्रामबाग
१,५०० वाचून फार वाईट वाटलं. उद्यम पूर्ण फुकट आहे, २०२० पासून. सरकारी पोर्टलवर आधारचा ओटीपी टाकला की काम होतं. त्यासारख्या दिसणाऱ्या खाजगी साइट्स पैसे घेतात, तेवढं टाळा. दुरुस्तीही तिथंच, फुकट. माझ्या बहिणीच्या टेलरिंगच्या उद्यमवर हीच चूक झाली होती. 'अपडेट'मध्ये जाऊन एंटरप्राइजचं नाव बदललं आणि नवीन सर्टिफिकेट डाउनलोड केलं. आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा.

उद्यम तसंही बदलायचंच आहे, तर नाव शॉप अ‍ॅक्टप्रमाणे के-एस-एच घालूनच लिहा. म्हणजे एकाच ठिकाणी दुरुस्ती. आणि कोल्ड स्टोरेजला चेक बदलून मागा.

बेदाणा
चेक बदलायला लावू नका. एका अक्षराने काही होत नाही. माझे असे किती चेक पास झालेत.

निवृत्त_बँकवाला
होतही असतील. पण नवीन खातं, पहिलाच चेक आणि नावात फरक, हा मी तरी थांबवला असता.

रिवाइंडिंगवाला
चेक परत मागायचा म्हणजे अवघड आहे हो. त्यांचं पहिलंच काम आहे. त्यांच्या मॅनेजरने मला कंपनीत असल्यापासून बघितलंय, त्या विश्वासावर मोटरी दिल्या. आता मी जाऊन सांगू की माझं खातंच नाही?

हरिपूरकर
सांगा की. मोटरी चालतायत ना? मग त्यांच्या लेखी तुम्ही पक्केच आहात. माझा फॅब्रिकेशनचा धंदा २२ वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी माझाही चेक असाच परत आला होता. पार्टीच्या अकाउंटंटने स्वतः बसवून बिलबुक कसं छापायचं ते शिकवलं. कागदाला तुम्ही नवीन आहात, कामाला नाही.

स्मिता_विश्रामबाग
आणि ६१,३८० म्हणजे ६२,००० मधून एक टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापलेला दिसतोय. तुमचं पॅन त्यांना दिलं होतं ना? ते ६२० रुपये तुमच्या २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात) दिसायला हवेत.

रिवाइंडिंगवाला
हो, पॅन दिलं होतं. ६२० चं कोडं मला आत्ता सुटलं. मला वाटलं त्यांनी वाटाघाटीत कापले.

वसंत_पाटीवाला
बँकेचा माणूस जागा बघायला आला की पाटीसमोर मालक उभा, असा फोटो काढतो. पाटी आहे का? नसेल तर आधी ती करा. मराठी देवनागरीत हवी आणि इतर लिपीपेक्षा मराठी अक्षर लहान चालत नाही. नुसती इंग्रजी पाटी करून घेतात आणि मग पुन्हा खर्चात पडतात. शेडला फ्लेक्स लावू नका, वाऱ्याने सहा महिन्यांत फाटतो. पत्र्यावर ऑइल पेंटने लिहून घ्या.

मिरजकर_७०
आणि सगळे कागद डिजिलॉकरमध्ये टाकून ठेवा. २०१९ च्या पुरात आमच्या दुकानाची २० वर्षांची फाइल लगदा होऊन हातात आली. गच्चीवर दोरीला लावून एकेक पान वाळवत होतो आम्ही.

पायवाट
आमच्याकडे माळ्यापर्यंत पाणी होतं. त्या आठवड्यात हरिपूर रोडला कोण होतं इथलं?

हरिपूरकर
मी होतो. पण त्यावर वेगळा धागा काढू, यांचं काम होऊ दे.

निवृत्त_बँकवाला
बँका आता इतकं का बघतात तेही सांगतो. ऑनलाइन फसवणुकीचे पैसे फिरवायला लोक गरिबांच्या नावाने करंट खाती काढतात, भाड्याने घेतात. पोलिसांचं पत्र आलं की खातं उघडणाऱ्याची चौकशी होते. म्हणून टेबलावरचा माणूस घाबरतो. तुम्ही दोन-तीन बिलं, कोल्ड स्टोरेजची वर्कऑर्डर आणि शेडचा भाडेकरार सोबत ठेवा. बोलताना मोटरीबद्दल बोला. खरा कारागीर आहे हे दोन मिनिटांत कळतं.

शॉप अ‍ॅक्टबद्दल अडवलं तर सांगा: मोजकेच कामगार असतील तर २०१७ च्या कायद्याने लायसन नसतंच, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती मिळते. तुमच्याकडे आहे तो तोच कागद. तरीही नाही म्हणाले तर नकार लेखी मागा. बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ वर माहिती मिळते. पण तुमच्या १० ऑगस्टला त्याचा उपयोग नाही, आधी कागद नीट करा.

रिवाइंडिंगवाला
सगळ्यांना अपडेट. रात्री बायकोने मोबाइलवर उद्यम दुरुस्त केलं, नवीन सर्टिफिकेट निघालं. एक रुपया लागला नाही. आज तिसऱ्याच बँकेत परत गेलो. मॅडमनी आधी नाहीच म्हटलं. मग दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि नावावर बोट ठेवून वाचून दाखवलं. त्यांनी फॉर्म दिला. किमान शिल्लक दहा हजार सांगितली, ती ठेवतो. बुधवारी त्यांचा माणूस शेड बघायला येणार आहे.

कोल्ड स्टोरेजला पण जाऊन आलो. अकाउंटंटने जुना चेक ठेवून घेतला, म्हणाले खातं नंबर आला की एनईएफटी करतो. मॅनेजरने आणखी एका कॉम्प्रेसरची मोटर बघायला सांगितली.

वसंतदादा, पाटीला पत्रा आणलाय चार बाय दोनचा. पिवळ्यावर लाल का निळ्यावर पांढरं? उद्या सकाळी पेंटर येणार आहे.

वसंत_पाटीवाला
निळ्यावर पांढरं. आणि 'लक्ष्मी'तला क्ष सुटा, मोठा काढायला सांगा. लांबून तोच चुकतो वाचायला.