मदत हवी आहे: ट्रेलर ओढताना इंजिन ऑइल कूलंटपेक्षा फार तापतंय (फोर्ड ६.० डिझेल)

पायवाट:
जाणकारांनी जरा मार्गदर्शन करा. गाडी २००६ची फोर्ड एफ-२५०, ६.० लिटर पॉवरस्ट्रोक, ऑटोमॅटिक. मागे अंदाजे ७,००० पौंडांचा कॅम्पिंग ट्रेलर. रस्ता कोलोरॅडोतला आय-७०. डॅशबोर्डवर ऑइलच्या तापमानाचा आकडा दिसत नाही आणि कूलंटचा काटा कायम मध्यावर. ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं उपकरण) लावून फोनवर टॉर्क प्रो अ‍ॅपमध्ये पाहिलं, तर सिल्व्हरथॉर्नहून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना कूलंट २०८, ऑइल २४१ (आकडे फॅरनहाइट). हे खरं मानायचं, की ऑइल पॅनला वेगळा सेन्सर बसवायचा? आणि किती झाल्यावर थांबायचं?

लोखंडीघाट:
वेगळा सेन्सर नको. पॅनमधलं ऑइल अजून ऑइल कूलरमधून (कूलंटच्या मदतीने ऑइल थंड करणारा भाग) गेलेलं नसतं, गाडीचा मूळ सेन्सर कूलरनंतरचं तापमान सांगतो. तुम्हाला तोच आकडा हवा आहे. डॅशवरच्या काट्यावर मात्र विसंबू नका, तापमान बरंच वरखाली झालं तरी तो मध्यावरच बसून राहतो.

टॉर्क प्रोमध्ये ऑइलचा पीआयडी (गाडीच्या संगणकाकडून तो आकडा मागण्याचा कोड) स्वतः भरला असेल तर एकदा ताडून घ्या: २२१३१०, सूत्र ((ए×२५६)+बी)÷१००−४०. उत्तर सेल्सिअसमध्ये येतं. कूलंटसाठी नेहमीचा ०१०५.

मग सेन्सर तपासा. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी इंजिन चालू न करता फक्त किल्ली फिरवून दोन्ही आकडे बघा. दोन-तीन अंशांच्या आत असतील तर सेन्सर ठीक.

तेलपाणी:
चढावरच्या ३३ अंशांच्या फरकावर लगेच निष्कर्ष काढू नका. ६.० साठी ऑइल आणि कूलंटमधल्या फरकाची १५ अंशांची मर्यादा धरतात ती सपाट रस्त्यावरची, ट्रेलरशिवाय, इंजिन पूर्ण तापल्यावर ताशी ६५ मैलांच्या एकसारख्या वेगात १५-२० मिनिटं चालवल्यानंतरची. कूलंट १८५-१९०पर्यंत पोचतंय का तेही बघा. थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला असेल तर कूलंट थंड राहतं आणि फरक उगाच मोठा दिसतो.

पायवाट:
धन्यवाद. सकाळी थंड इंजिनला ६१ आणि ६२. सपाटीला, ट्रेलरशिवाय, कूलंट १९२ आणि ऑइल २१३.

तेलपाणी:
मग २१ अंश. सेन्सर बरोबर, थर्मोस्टॅट बरोबर. ऑइल कूलर कूलंटच्या बाजूने चोंदला आहे. ट्रेलर जोडायचं आता थांबवा.

कारण नीट समजून घ्या, कारण धोका नुसत्या गरम ऑइलचा नाही. हा कूलर इनटेक मॅनिफोल्डखाली, दोन सिलिंडर रांगांच्या मधल्या खोबणीत बसतो. त्यातल्या कूलंटच्या वाटा फार अरुंद. ओतकामातली उरलेली वाळू आणि कूलंटमधल्या सिलिकेटचा चिकट गाळ त्यात साचतो. कूलंट इथून पुढे ईजीआर कूलरला (इंजिनात परत सोडला जाणारा एक्झॉस्ट वायू थंड करणारा भाग) जातं. इथे प्रवाह घटला की ईजीआर कूलर उपाशी राहतो, त्यातलं कूलंट उकळतं, तो फुटतो आणि कूलंट सिलिंडरमध्ये जातं. मग पांढरा धूर, आणि पुढे हेड गॅस्केटचा खर्च. डीगॅस बाटलीच्या (कूलंट भरायच्या टाकीच्या) झाकणाभोवती वाळलेल्या कूलंटचे पांढरट ओघळ आहेत का, आजच बघा. असतील तर ईजीआर कूलरचीही दाब देऊन तपासणी करून घ्या.

शिवाय या इंजिनाचे इंजेक्टर इंजिन ऑइलच्याच दाबावर चालतात. ऑइल जास्त तापून पातळ झालं की दाब टिकत नाही, गरम इंजिन परत सुरू व्हायला त्रास देतं.

पायवाट:
फ्लश करून कूलर मोकळा होईल का? एका गॅरेजवाल्याने तेच सुचवलंय.

लोखंडीघाट:
इतका चोंदलेला सहसा होत नाही. उलट फ्लशने सुटलेला गाळ त्याच कूलरमध्ये जाऊन अडकतो. म्हणून क्रम असा ठेवा: जुना कूलर जागेवर असतानाच फ्लश, नवा नंतर. रेडिएटर रिकामा करताना ब्लॉकचे दोन्ही ड्रेन प्लगही काढा, नाहीतर बरंच घाण पाणी आतच राहतं. मोटरक्राफ्टचं व्हीसी-९ हे सफाईचं रसायन डब्यावरच्या सूचनेप्रमाणे फिरवा. मग डिस्टिल्ड वॉटर, पूर्ण स्वच्छ येईपर्यंत. नळाचं पाणी अजिबात नको.

कूलर उघडल्यावर त्याच्याखाली उच्चदाब ऑइल पंपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. ती फाटलेली असेल तर तिथेच बदला, परत एवढं खोलणं परवडत नाही. भरताना ईसी-१ मानकाचं सिलिकेटमुक्त कूलंट, डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं. ऑइल १५ क्वार्ट, म्हणजे १४ लिटरच्या थोडं वर. फिल्टर एफएल-२०१६ आणि झाकण मूळचंच. उंच झाकणात आखूड फिल्टर बसवला तर ऑइल न गाळताच पुढे जातं.

तेलपाणी:
थांबायचं कधी, ते राहिलं. चढावर थोडा वेळ २३५ पर्यंत मी चालवून घेईन. २४०ला वेग कमी, टो/हॉल (ओझं ओढतानाचा गिअरबॉक्सचा मोड) चालू, खालचा गिअर. आरपीएम २,५०० च्या वर असू द्या, म्हणजे पंप आणि पंखा जोरात फिरतात. एसी बंद. २५०ला बाजूला घ्या, पण इंजिन लगेच बंद करू नका. पार्कमध्ये १,२०० आरपीएमवर, आकडा २२० च्या खाली येईपर्यंत चालू ठेवा.

नवा कूलर बसल्यावर तीच सपाटीची चाचणी करा. फरक दहाच्या आत यायला हवा. तो आकडा तारखेसह लिहून ठेवा आणि दर ऑइल बदलाला पुन्हा घ्या. १२ झाला की कूलंट फिल्टर उघडून बघायचा. तो अजून बसवला नसेल तर याच कामात बसवून घ्या.