गॅरेजमधलं खोकं आणि ऑरिगन ह्युमॅनिटीज

प्रेषक: सचिव
प्रति: अमेरिकेतल्या ऑरिगनमधल्या आपल्या मराठी मंडळाचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार मंडळी,

गेल्या शनिवारी मंडळाचं सामान एका गॅरेजमधून दुसऱ्या गॅरेजमध्ये हलवताना एक खोकं उघडलं. वर मखराचं थर्माकोल, त्याखाली गणपतीची जरीची शाल, आणि तळाशी सात व्हीएचएस कॅसेट. लेबलांवर निळ्या शाईत 'नाटक', 'कोजागरी', 'संक्रांत हळदीकुंकू'. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. पाच कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरली होती. दोन कदाचित वाचतील, असं दुरुस्तीवाला म्हणाला. त्या नाटकात कामं केलेली तीन माणसं आज आपल्यात नाहीत.

तेव्हापासून मनात घोळतंय ते आज लिहिते. आपल्यातले जे लोक सत्तरच्या दशकात इथे आले, ते आता ऐंशीच्या घरात आहेत. टेक्ट्रॉनिक्स या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत नोकरीला आलेले, 1976 मध्ये इथल्या अलोहा गावी इंटेलचा कारखाना सुरू झाला तो काळ पाहिलेले. त्यांच्याकडून ऐकायचं राहून जातंय. यंदा एका कार्यक्रमाचा खर्च कमी करून त्यांच्या आठवणींचं रेकॉर्डिंग करावं, आणि त्यासाठी ऑरिगन ह्युमॅनिटीजची मदत घ्यावी, असा माझा प्रस्ताव आहे.

हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांना नवीन असेल, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ही सरकारी कचेरी नाही, ना-नफा संस्था आहे. 1965 मध्ये अमेरिकेत कला आणि मानव्यविद्यांसाठी, म्हणजे इतिहास, भाषा, साहित्य अशा विषयांसाठी, कायदा झाला. लोकशाहीला नागरिकांकडून शहाणपण आणि दूरदृष्टी लागते, असं त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. त्यातून नॅशनल एंडाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज ही केंद्र सरकारची अनुदान देणारी संस्था निघाली. पण राजधानी वॉशिंग्टनमध्ये बसून गावागावांत पोचणं जमणारं नव्हतं, म्हणून 1970 नंतर राज्याराज्यांत स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या. ऑरिगनची 1971 ची, म्हणजे अगदी सुरुवातीच्या मोजक्यांपैकी. आज पन्नास राज्यं, राजधानी आणि पाच प्रदेश मिळून अशा 56 संस्था आहेत.

त्यांचं काम मी गेली तीन वर्षं जवळून पाहतेय. 'कॉन्व्हर्सेशन प्रोजेक्ट' नावाचा त्यांचा उपक्रम आहे. एखादं वाचनालय, चर्च किंवा छोटी संस्था यजमान होते आणि ऑरिगन ह्युमॅनिटीज संवाद चालवणारा माणूस पाठवते. तो भाषण ठोकत नाही, प्रश्न विचारतो. मी गेले होते तिथे वीस-बावीस माणसं गोल बसली होती. पहिला प्रश्न होता, "तुम्ही 'घर' म्हणता तेव्हा कुठल्या जागेबद्दल बोलता?" लाकूडगिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, गिरणी बंद झाली त्या दिवशी गावाचा वास गेला. त्यानंतर मी जे बोलले ते आपल्या मंडळात कधीच बोलले नव्हते, कारण इथे ते मला कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून वाटतं की त्यांच्याकडे पैसे मागायला जाऊ नये. त्यांची पद्धत मागावी, प्रश्न विचारायला शिकवणारी माणसं मागावीत. आपल्याला बोलायला लावणारं कुणीतरी हवं आहे.

मतं कळवा.
— सचिव

प्रेषक: खजिनदार

सचिवताई, नमस्कार.

कॅसेटचं वाचून वाईट वाटलं. त्यातल्या 'कोजागरी'त आमची मोठी मुलगी पाच वर्षांची आहे. रेकॉर्डिंग व्हायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्या तीन शंका आहेत.

पहिली, कागदपत्रांची. पूर्वी एका ठिकाणी आपण अनुदानासाठी अर्ज केला होता. अर्जात तीन आठवडे गेले, पैसे कार्यक्रम होऊन गेल्यावर आले, तोवर चार जणांनी खिशातून घातले. ते पुन्हा नको.

दुसरी, ही संस्था स्वतःच अडचणीत आहे. एप्रिल 2025 मध्ये एंडाउमेंटने सगळ्या राज्य संस्थांची अनुदानं एका फटक्यात रद्द केली. मेलन फाउंडेशन या खाजगी देणगीदार संस्थेने दीड कोटी डॉलर आणीबाणीची मदत दिली म्हणून कित्येक जणांचे दरवाजे उघडे राहिले. ऑरिगन ह्युमॅनिटीजने राज्य संस्थांच्या फेडरेशनसोबत मे महिन्यात कोर्टात दावा लावला आणि ऑगस्टमध्ये पोर्टलंडच्या फेडरल न्यायाधीशांनी त्या निर्णयाविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम दिला. लढले याचं कौतुकच आहे. पण जे स्वतःच्या अस्तित्वासाठी लढताहेत त्यांच्यावर आपण अजून एक ओझं घालायचं का?

तिसरी, त्यांचे कार्यक्रम सगळ्यांसाठी खुले असतात. म्हणजे इंग्रजी आलंच. आपली आजी-आजोबा मंडळी इंग्रजीत मोकळी होतील?

एक उपयोगाची माहिती मात्र देतो, ती सगळ्यांनी वाचावी. ऑरिगन कल्चरल ट्रस्ट, म्हणजे संस्कृतीसाठीचा राज्याचा निधी, त्याची करसवलत आपल्यातले फार थोडे घेतात. ट्रस्टच्या यादीतल्या एखाद्या सांस्कृतिक संस्थेला जितकी देणगी द्याल, तितकीच रक्कम 31 डिसेंबरच्या आत ट्रस्टला द्या. ट्रस्टला दिलेली ती सगळी रक्कम राज्याच्या करातून वजा होते. एकट्याला 500 डॉलरपर्यंत, जोडीने कर भरणाऱ्यांना 1,000 पर्यंत. लक्षात घ्या, ही करपात्र उत्पन्नातली वजावट नाही, थेट करातली सूट आहे. ट्रस्टकडून पैसा पाच राज्यस्तरीय संस्थांकडे जातो, त्यात ऑरिगन ह्युमॅनिटीज आहे आणि ऑरिगन हिस्टॉरिकल सोसायटीही आहे. शिवाय 36 काउंट्या (म्हणजे जिल्हे) आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या 9 आदिवासी राष्ट्रांच्या सांस्कृतिक समित्यांकडे जातो. आपल्या वॉशिंग्टन काउंटीचीही अशी समिती आहे. छोट्या रकमेसाठी अर्ज करायचाच असेल तर तो तिथे करू. हिशेब मी ठेवीन.

— खजिनदार

प्रेषक: बीव्हर्टनची मावशी

खजिनदारदादा, सचिवताई आणि सगळ्या मुलांनो,

मला फोनवर टाइप करायला वेळ लागतो, नातवाने मदत केली आहे.

इंग्रजीची शंका दादांनी काढली, त्यावर माझा अनुभव सांगते. ऑरिगन ह्युमॅनिटीजचा 'डिअर स्ट्रेंजर' म्हणून एक उपक्रम आहे. आपण एका अनोळखी माणसाला पत्र लिहायचं, संस्था ती पत्रं अदलाबदल करते, आणि आपल्यालाही कुणा अनोळखी माणसाचं पत्र येतं. वाचनालयात त्यांचं फुकट मिळणारं मासिक होतं, त्यात वाचून मी लिहिलं.

मी पुरणयंत्राबद्दल लिहिलं. 1974 मध्ये इथे आले तेव्हा आईने ते पितळी यंत्र जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या बॅगेत घातलं होतं. इथे हरभऱ्याची डाळ मिळेना. अमेरिकन दुकानातले पिवळे वाटाणे शिजवून मी पुरण वाटायचे. ते सैल पडायचं, पोळी तव्यावर फुटायची. पहिल्या होळीला सोळा पोळ्यांपैकी अकरा फुटल्या, तरी यांनी त्या दुधात बुडवून आनंदाने खाल्ल्या. हे सगळं इंग्रजीत लिहिताना 'पुरण' म्हणजे काय, ते वाटायला वेगळं यंत्र कशाला, होळीलाच का, असं एकेक उलगडून सांगावं लागलं. पन्नास वर्षं जे हाताने केलं त्याला पहिल्यांदा शब्द दिले. आईने ते यंत्र का दिलं असेल, हे मला ते पत्र लिहिताना उमगलं.

मला जे पत्र आलं ते पूर्व ऑरिगनमधल्या, गुरं पाळणाऱ्या एका बाईचं. नवरा गेल्यावर गोठ्याचं जड फाटक एकटीने कसं उघडायला शिकले, एवढंच त्यात होतं. मी ते देवघरात ठेवलं आहे. मीही यांच्या मागे गाडी चालवायला शिकले ना.

तेव्हा माझं म्हणणं असं, की रेकॉर्डिंग मराठीतच करा. मराठीत आम्ही मोकळं बोलू. पण नंतर ते इंग्रजीत आणायचं काम सोडू नका. आमची नातवंडं वाचतील, आणि ती फाटकवाली बाईही वाचेल.

— मावशी

प्रेषक: कोर्व्हॅलिसहून एक विद्यार्थिनी

सर्वांना नमस्कार. मावशी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

मी ओएसयूमध्ये, म्हणजे इथल्या ऑरिगन स्टेट युनिव्हर्सिटीत, कृषिशास्त्र शिकते, म्हणून एक भर घालते. आपली मराठी गोष्ट इथे सत्तरच्या दशकात सुरू होत नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच कॉलेजात शेतकी शिकले. तेव्हा त्याला ऑरिगन ॲग्रिकल्चरल कॉलेज म्हणत. पुढे मेक्सिकोत त्यांनी मक्यावर केलेलं संशोधन आणि तिथला चित्रकार दिएगो रिव्हेराने भित्तिचित्रात काढलेली त्यांची आकृती आपल्याकडे थोडीफार माहीत आहे. पण त्याआधी ते पोर्टलंड परिसरात लाकूडगिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांना संघटित करत होते, हे इथल्या आपल्या किती जणांना ठाऊक आहे?

ते मजूर कसे दिवस काढत होते तेही सांगते. मार्च 1910 मध्ये सेंट जॉन्सला, जे आज पोर्टलंडचाच भाग आहे, जमावाने भारतीय मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं. 1913 मध्ये कोलंबिया नदीच्या मुखाशी ॲस्टोरियाला, फिनिश समाजवाद्यांच्या सभागृहात ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या गदर चळवळीची स्थापना झाली. भगतसिंग थिंड नावाचे पंजाबी शीख ॲस्टोरियाच्या गिरणीत काम करायचे. त्यांना 1920 मध्ये ऑरिगनच्या कोर्टाने नागरिकत्व दिलं आणि 1923 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ते गेलं. हे शंभर वर्षं जवळजवळ कुणी बोललं नाही. 2013 मध्ये ॲस्टोरिया शहराने शताब्दी साजरी करून फलक लावला, तेव्हा कुठे ते गावाच्या इतिहासात आलं.

मी तिथे उभी होते तेव्हा पाऊस होता आणि फलकावरचं पाणी पुसून मी वाचत होते. खजिनदारकाका, खुल्या कार्यक्रमाची भीती कशाला? संवादाची एक संध्याकाळ पंजाबी मंडळींना आणि ॲस्टोरियाच्या लोकांना बोलावून करू. विषय अगदी साधा ठेवू: कामासाठी इथे आलेली माणसं.

शिवाय आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ऑरिगन मल्टिकल्चरल अर्काइव्ह्ज हा विभाग आहे. रेकॉर्डिंग कुठे ठेवता येईल, त्याची चौकशी मी तिथे करते. गॅरेजमध्ये नको.

प्रेषक: सचिव

मंडळी,

मावशी आणि कोर्व्हॅलिसच्या लेकीने माझं काम सोपं केलं. खजिनदारदादांशी काल फोनवर बोलणं झालं आणि पुढचं ठरलं.

पहिल्या टप्प्यात बारा जणांचं रेकॉर्डिंग. त्यासाठी कुणाकडूनही पैसे मागायचे नाहीत, कोजागरीचं जेवण साधं ठेवून भागेल. दादांनी सांगितलेली करसवलत या वर्षी जितक्या घरांना जमेल तितक्यांनी घ्यावी. ज्यांच्याकडून आपण शिकणार त्यांच्या अडचणीच्या वर्षात तेवढं आपण करायलाच हवं. वसंतात एका संवादाचं यजमानपद मिळावं म्हणून ऑरिगन ह्युमॅनिटीजला मी लिहिते, विषय लेकीने सुचवलेलाच. रेकॉर्डिंगवरून उतरवलेल्या टिपणांच्या इंग्रजी भाषांतरासाठी काउंटीच्या समितीकडे छोटा अर्ज दादा करतील.

रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलांसाठी थोडंसं. आधी संमतिपत्र, मराठीतलं. त्यात सांगणाऱ्याला हवा तो भाग काढून टाकायचा हक्क असेल. फाइल वाव्हमध्ये (आवाज न दाबता साठवणाऱ्या प्रकारात) ठेवा, एमपी-थ्री नको. एकच प्रत नको, तीन ठिकाणी हव्यात. प्रश्न लांबलचक विचारू नका, आणि समोरचं माणूस थांबलं तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. लाकूडगिरणीतले ते आजोबा किती वेळ गप्प होते, ते मी सुरुवातीला लिहिलंच आहे.

पहिलं रेकॉर्डिंग येत्या रविवारी सकाळी दहाला मावशींच्या स्वयंपाकघरात. फ्रिजची घरघर माइकमध्ये येते, तासभर तो बंद ठेवू. कुकर आमची माणसं निघाल्यावरच लावा. आणि मावशी, पुरणयंत्राचे फोटो काढायचे आहेत. ते चिंचेने घासून लखलखीत करू नका, आहे तसंच ठेवा.

— सचिव