मदत हवी आहे: शहाबादीच्या सांध्यांतून लाल मुंग्या, खडू-फवारा करूनही जात नाहीत

उदगीरची_वसरी
जुनं घर आहे. स्वयंपाकघरात शहाबादी फरशी, कडाप्प्याचा ओटा. रोहिणी लागल्यापासून सांध्यांतून बारीक लाल मुंग्यांची रांग निघते ती थेट गुळाच्या डब्यापर्यंत, नाहीतर शेंगदाण्याच्या कुटापर्यंत. खडूच्या रेघा ओढल्या, फवारा मारला. दोन दिवस शांतता, मग तीच रांग देवघरातून. परसात सीताफळाच्या बुडाशी मोठं वारूळ आहे, झाडावरही ओळी चढलेल्या असतात. घरात रांगतं बाळ आहे. नक्की काय करावं?

मुंगीवाट
ताई, आधी खडू आणि फवारा दोन्ही थांबवा. रांगेत दिसतात त्या फक्त अन्न आणणाऱ्या कामकरी मुंग्या. राणी आणि अळ्या फरशीखाली असतात. फवाऱ्यानं रांग मरते, राणी अंडी घालतच राहते आणि उरलेल्या दुसऱ्या सांध्यातून वाट काढतात. अगदी बारीक पिवळसर मुंग्या असतात, त्यांच्यावर फवारा मारला तर वसाहत फुटून एकाच्या तीन होतात. विष मुंग्यांनीच घरट्यात न्यायला हवं, आणि ते सावकाश मारणारं हवं.

त्यासाठी बोरिक पावडर. मेडिकलमध्ये मिळते. २०० मिली कोमट पाण्यात साधारण २० ग्रॅम साखर आणि २ ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा. वजनकाटा नसेल तर खोकल्याच्या औषधासोबत येणारं ५ मिलीचं माप घ्या: साखर सपाट पाच मापं, बोरिक अर्धं माप. इथंच बहुतेकांचं चुकतं. लवकर मराव्यात म्हणून पावडर वाढवली की मुंग्या वाटेतच मरतात किंवा तोंडच लावत नाहीत. एक टक्का असेल तर मुंगी पोट भरून परत जाते आणि तोंडातून तोंडात ते राणीपर्यंत, अळ्यांपर्यंत पोचतं.

बाटलीच्या झाकणात कापसाचा बोळा या पाण्यात भिजवून रांगेच्या कडेला ठेवा, रांगेवर नको. तासाभरात झाकणाभोवती काळपट-लाल कडं जमेल आणि मुंग्या डोकी आत खुपसून बसतील. बघून हात शिवशिवतो, पण पुसू नका, त्या जेवायलाच हव्यात. आपल्याकडच्या उन्हात बोळा दुपारपर्यंत वाळतो, पाणी उडून विष घट्ट होतं, म्हणून रोज नवा बोळा. रांग आठवड्यात विरळ होईल, पूर्ण थांबायला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

बाळ आहे म्हणून: झाकण थेट जमिनीवर नको. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीला बाजूनं खिळ्यानं भोकं पाडा, बोळा आत ठेवा, डबी ओट्याच्या मागं चिकटपट्टीनं पक्की करा. उरलेलं पाणी आणि पावडर कुलुपात, डब्यावर ठळक ‘विष’ लिहून. पिठीसाखर, मीठ, बोरिक सारखीच पांढरी दिसतात. माप पुन्हा औषधाला वापरायचं नाही.

उदगीरची_वसरी
धन्यवाद. पण कुटाकडे जाणाऱ्या मुंग्या साखरपाण्याला येतील का? आणि बोरिकऐवजी टाकणखार (बोरॅक्स) चालेल?

मुंगीवाट
चांगला प्रश्न. कागदावर एका बाजूला गूळपाण्याचा थेंब, दुसऱ्या बाजूला तेलात कालवलेलं चिमूटभर कूट ठेवून अर्धा तास बघा. कुटावर गर्दी झाली तर ५० ग्रॅम कुटात १ ग्रॅम बोरिक आणि थोडं शेंगतेल कालवून ते ठेवा. अळ्या वाढत असताना त्यांना तेल-प्रथिनं लागतात, पुढं आवड बदलते, म्हणून ही परीक्षा अधूनमधून करा. टाकणखार चालतो, पण दीडपट घ्यावा लागतो, म्हणजे २०० मिलीला ३ ग्रॅम.

सीताफळ_बीड
परसाबद्दल सांगतो. मुंग्या झाडावर फळासाठी चढत नाहीत. पानाच्या पाठीमागं आणि फळाच्या खाचांत कापसासारखं पांढरं दिसतंय का बघा, तो पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, तो मुंग्या पितात आणि ढेकणाचे शत्रू हाकलून लावतात. वारूळ मोडलं आणि ढेकूण तसाच राहिला तर दुसऱ्या मुंग्या येणारच. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ मिली भांडी घासायचं द्रव नीट घुसळून, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आठ दिवसांनी पुन्हा. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा. खोडाला चार बोटं रुंद कापडी पट्टी आवळून वर ग्रीस लावा, सालीला थेट नको.

वारुळावर उकळतं पाणी लोक ओततात. झाडाच्या बुडाशी ते मुळीच नको, मुळं शिजतात. झाडापासून लांबच्या वारुळाला तीन-चार लिटर एकदम, आधी न उकरता. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा असतात, पाणी भलतीकडेच जिरतं. पाऊस पडून माती मिटली की मुंग्या अंडी-अळ्या वरच्या कोरड्या थरात आणतात, ओतायचं तर तेव्हा ओता.

दर्जावाला
एक कळकळीची विनंती. शेतातले फोरेट या कीटकनाशकाचे दाणे कुणी घरात किंवा परसात टाकत असेल तर टाकू नका. ते अत्यंत विषारी आहे, देशात २०२० च्या अखेरीपासून त्यावर बंदी आहे, आणि रांगतं बाळ दिसेल ते तोंडात घालतं.

सांधे भरायचे, पण सगळ्यात शेवटी. मुंग्या असताना भरले तर भिंतीतून, विजेच्या बोर्डातून निघतात. (बोर्डात दिसल्या तर आत काही फवारू नका.) रांग थांबल्यावर आणखी दहा दिवस जाऊ द्या. मग जुना चुना-माती अर्धा इंच खोल खरवडा, धूळ झाडा, सांधा ओला करा आणि एक भाग सिमेंट, तीन भाग बारीक चाळलेली वाळू यांच्या मालानं दर्जा (फरशीचा सांधा) भरा. कोरड्या सांध्यात भरलं तर शहाबादी दगड पाणी ओढून घेतो आणि माल महिन्यात पापुद्र्यासारखा सुटतो. वर ओलं पोतं टाकून सात दिवस पाणी मारा. कडाप्पा भिंतीला टेकतो तिथली फट विसरू नका, रांग बहुतेक वेळा तिथूनच वर चढते.